लक्ष्मीबाई टिळक : रेव्हरंड टिळकांच्या पत्नीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लक्ष्मीबाई टिळक म्हणजे लोकमान्यांच्या पत्नी का?

नाही. लोकमान्यांच्या पत्नी सत्यभामाबाई. लक्ष्मीबाई या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नी. दोघेही टिळक रत्नागिरी जिल्ह्याशी नाते सांगणारे, चित्पावन घराण्यांतले आणि एकाच काळातले. त्यामुळे हा घोटाळा नेहमीचाच आहे. नारायण वामन टिळकांचा जन्म 1861 सालचा, दापोली तालुक्यातल्या करजगावचा. मराठी कवितेत त्यांना ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणतात. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या समाजात, मात्र त्यांची ओळख भजनांची आहे. ‘उपासना संगीत’ हे भजनांचे पुस्तक उघडून रविवारी सकाळी जी पदे आणि अभंग म्हटले जातात, त्यांतली कितीतरी टिळकांची आहेत. इंग्रजी चालीवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांच्या जागी त्यांनी ओवी आणि अभंग आणले, ख्रिस्ताची कथा कीर्तनाच्या ढंगात सांगितली. महाराष्ट्रातला हा सर्वांत नावाजलेला ख्रिस्ती उपदेशक, आणि लक्ष्मीबाई त्याची बायको. पण आज घरोघरी वाचले जाते ते बायकोचे पुस्तक, ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र.

त्यांचे माहेर कुठले? बालपण कसे गेले?

जन्म 1868 सालचा, नाशिकजवळच्या गोदाकाठच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका, घरात मनू.

या घरावर 1857 ची सावली होती. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना बंडाच्या धामधुमीत इंग्रज सरकारने फाशी दिले. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंचे वडील, म्हणजे नाना, पार बदलून गेले आणि सोवळ्याच्या नादी लागले. हे सोवळे म्हणजे पूजेपुरते नेसायचे आणि मग खुंटीवर टाकायचे, असे नव्हते. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. कुणाचा स्पर्श झाला, कुणाची सावली पडली, की पुन्हा आंघोळ, पुन्हा धुणे. या सगळ्याचा भार पडायचा तो घरातल्या बायकांवर. ओलेत्याने वावरायचे, पाणी उपसायचे, धुतलेले पुन्हा धुवायचे, आणि एवढे करून काही चुकले की नानांचा राग सोसायचा.

पुढे लक्ष्मीबाई आयुष्यभर ज्या विटाळाशी झगडल्या, त्याची मुळे इथे आहेत. जातपात हा त्यांच्यासाठी भाषणाचा विषय नव्हता. थंडीत अंगाला चिकटलेल्या ओल्या लुगड्याइतकी ती जवळची गोष्ट होती. पुढचा जातीचा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी हे घर नीट पाहायला हवे.

लग्न कधी झाले?

1880 च्या सुमारास. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा अठरा-एकोणीसचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. सासरी सासूबाई हयात नव्हत्या. सासरे वामनराव सरकारी नोकरीतले, अतिशय कडक. सुनेच्या वाट्याला त्यांचा धाकच जास्त आला.

टिळक नवरा म्हणून कसे होते?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना बहुधा एका शब्दात उत्तर हवे असते, चांगले की वाईट. स्मृतिचित्रे वाचून तसे उत्तर देता येत नाही.

टिळक बुद्धिमान होते, शीघ्रकवी होते, संस्कृतात पारंगत होते आणि मनाने लहान मुलासारखे होते. पण त्यांचा पाय एका जागी ठरत नसे. आज एका गावी शिक्षक, उद्या दुसरीकडे कीर्तनकार, परवा कुणाच्या तरी आश्रयाने ग्रंथांचे काम. न सांगता घरातून निघून जाणे ही त्यांची जुनी सवय. मग बायको माहेरी किंवा नातलगांकडे, आणि पत्र येईपर्यंत गृहस्थ कुठे आहेत याचा पत्ता नाही. मुरबाड, नागपूर, राजनांदगाव अशी त्यांच्या संसाराची गावे बदलत राहिली. नागपूरला धनाढ्य आप्पासाहेब बुटींचा आश्रय मिळाला तेव्हा जरा स्थैर्य आले, पण तेही टिकले नाही.

पैसा त्यांच्या हातात राहत नसे. दारात गरजू दिसला की खिसा रिकामा. पाहुणा आला की चार दिवस मुक्काम. दाण्याचा डबा भरलेला आहे की रिकामा, याची चिंता करायला घरात एकच माणूस, आणि ते टिळक नव्हते. रागही तसाच, घटकेत चढणारा आणि घटकेत उतरणारा.

पण दुसरी बाजू तितकीच खरी. बायकोला लिहाय-वाचायला शिकवावे हे त्या काळात त्यांनाच सुचले. शिकवताना धीर सुटायचा, धडे अर्धवट राहायचे, तरी अक्षरओळख झाली ती त्यांच्यामुळे. ‘माझी भार्या’ ही कविता त्यांनी लिहिली, बायकोच्या कवितांचे मनापासून कौतुक केले. लक्ष्मीबाईंनी हे दोन्ही टिळक कागदावर उतरवले. एकाला झाकून दुसऱ्याला पुढे केले नाही. नवऱ्याचे नाव घेणे जिथे निषिद्ध, त्या पिढीतल्या या बाई पुस्तकभर सरळ ‘टिळक’ असेच लिहितात, आणि त्या ‘टिळक’मध्ये माया, वैताग, आदर, सगळे ऐकू येते.

1895 साली नेमके काय घडले?

1893 च्या सुमाराची गोष्ट. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांची एका युरोपियन सहप्रवाशाशी गाठ पडली. गप्पा कवितेवरून धर्माकडे वळल्या. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार, म्हणजे बायबलचा ख्रिस्ताविषयीचा भाग, ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळक वाचत गेले. त्यातल्या ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. हिंदू समाजाला नवा प्राण देणारा धर्म कोणता, हा शोध त्यांच्या डोक्यात आधीपासून होता, त्याचे उत्तर त्यांना इथे सापडले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बायकोला विचारून नाही. लक्ष्मीबाई तेव्हा आपल्या लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन आपल्या माणसांत होत्या. कुजबुज कानावर येत होती, घरची माणसे लपवत होती, आणि मग बातमी आलीच. त्या दिवसापासून ही सवाष्ण बाई लोकांच्या नजरेत सवाष्णही राहिली नाही आणि विधवाही झाली नाही.

मग त्या गेल्या कुठे?

बहीण आणि मेहुणे पाठीशी उभे राहिले. लक्ष्मीबाई दत्तूसह त्यांच्याकडे राहिल्या, त्यातला मोठा काळ पंढरपुरात गेला. पहिले दिवस फार वाईट होते. जीव देतील या भीतीने घरच्यांना त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागले. अन्न जात नव्हते, झोप नव्हती. याच काळात त्यांची कविता वाहू लागली. दुःख सांगायला दुसरे कुणी नव्हते, म्हणून ते पद्यात येऊ लागले.

या वर्षांविषयी लिहिताना लक्ष्मीबाईंनी नातलगांना खलनायक केलेले नाही. त्यांनी सांभाळले, दत्तूवर माया केली, हे त्या कृतज्ञतेने सांगतात. टिळकांकडे परत जाऊ नको म्हणणारी माणसेही लक्ष्मीबाईंच्या काळजीपोटीच तसे म्हणत होती.

त्यांनी किंवा टिळकांनी काडीमोड का घेतली नाही?

टिळकांना कायद्याने वाट होती. 1866 च्या कायद्याप्रमाणे, ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार धर्मांतरामुळे नांदायला तयार नसेल, तर कोर्टातून विवाह मोडून घेता येत असे आणि पुन्हा लग्नही करता येत असे. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवत होते, बायकोला पत्रांमागून पत्रे लिहीत होते. रागाची, विनवणीची, कवितेची, सगळ्या तऱ्हेची पत्रे. वाट पाहायची हे त्यांनी ठरवले होते आणि ते त्यांनी पाळले.

लक्ष्मीबाईंच्या बाजूने काडीमोडीचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या दृष्टीने हे लग्न मोडलेले नव्हतेच. फक्त नवऱ्याच्या हातचे पाणी चालत नव्हते.

लक्ष्मीबाई नवऱ्यासाठी ख्रिस्ती झाल्या, हे खरे ना?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्यात उत्तर आधीच गृहीत धरलेले असते. ‘पतीच्या पावलावर पाऊल टाकून त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला’ हे वाक्य किती परिचयलेखांत वाचले असेल, मोजदाद नाही. मला ते वाक्य साफ चुकीचे वाटते, आणि त्याचे कारण घटनांच्या क्रमात आहे.

लक्ष्मीबाई नवऱ्याकडे राहायला गेल्या तेव्हा त्या हिंदूच होत्या, आणि नुसत्या हिंदू नव्हे, सोवळे पाळणाऱ्या ब्राह्मण. आधी नगर, मग राहुरी. नवरा-बायको जवळ आली, पण चूल वेगळी, भांडी वेगळी, पाण्याची व्यवस्था वेगळी. टिळकांना त्या वाढत, पण टिळकांच्या हातचे घेत नसत. मिशनच्या वस्तीत, ख्रिस्ती शेजाऱ्यांत राहून ही बाई आपली घागर सांभाळत होती. नवऱ्यासाठी धर्म बदलायचा असता तर तो पहिल्याच दिवशी बदलता आला असता. गाठोडे सोडायच्या आधी. त्यांनी तसे केले नाही. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवायला हवे. घरातला सोवळ्याचा कारभार त्यांनी चालू दिला.

मग बदलले काय? आधी जात गेली. ख्रिस्त नंतर आला.

जात गेली ती विचाराने. शेजारच्या मुलाला उचलून घ्यायचे नाही, आजारी बाईला पाणी पाजायचे नाही, प्रेमाने आणून दिलेला घास नाकारायचा. रोजच्या अशा प्रसंगांनी त्यांचे मन टोचत राहिले. एकदा त्या विचार करीत बसल्या की हा भेद केला कुणी. देवाने केला असता तर पशुपक्ष्यांत जशा जाती नुसत्या बघून ओळखू येतात, तशा माणसांतही दिसल्या असत्या. दिसतात त्या दोनच, स्त्री आणि पुरुष. ब्राह्मण जसा जन्मतो तसाच महारही जन्मतो, भूक दोघांना सारखी, मरण सारखे. म्हणजे हा भेद माणसांचा. आणि माणसांनी केलेला असेल तर तो आपण का पाळायचा? त्याच बैठकीत त्यांनी ठरवले, आजपासून कुणाच्याही हातचे खायचे.

हा विचार आज सोपा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, नानांच्या घरात धुतलेले पुन्हा धुवून वाढलेल्या बाईने, कुणी प्रवचन दिलेले नसताना, कुठला ग्रंथ समोर नसताना, स्वतःच्या डोक्याने तो केला. आणि केल्यावर लगेच तो पाळला. मला तर लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस हाच वाटतो, बाप्तिस्म्याचा त्यानंतरचा.

यानंतरच त्या ख्रिस्ताविषयी मोकळेपणाने विचार करू लागल्या. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नवऱ्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. टिळकांनी एका झेपेत जे अंतर कापले ते लक्ष्मीबाईंनी पायी कापले. दोघे पोचले एकाच ठिकाणी, पण त्यांची वाट त्यांची स्वतःची होती.

ख्रिस्ती झाल्यावर त्यांचे आयुष्य सुखाचे झाले का?

संसार एकत्र झाला, हे मोठे सुख. बाकी ओढगस्त होतीच. टिळकांना 1904 साली पाळकपदाची दीक्षा मिळाली, ते ‘रेव्हरंड’ झाले, नाव सर्वदूर झाले. पण पगार घरी पोचण्याआधी वाटेतच संपायची जुनी रीत काही गेली नाही.

पाळकाच्या बायकोकडून मंडळीच्या ज्या अपेक्षा असतात त्या लक्ष्मीबाईंकडूनही होत्या. पण त्यांनी हे काम आपल्या पद्धतीने केले. दुष्काळात आणि प्लेगात पोरकी झालेली मुले त्यांच्या घरी येऊन राहिली.  शिवाय नकुशी नावाची, नावाप्रमाणेच कुणालाही नको झालेली पोर त्यांनी सांभाळली. नगरला प्लेगच्या साथीत लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत असताना, लक्ष्मीबाई आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या. ज्यांचा स्पर्श लहानपणी विटाळ म्हणून टाळायचा, त्यांचे मळलेले कपडे आणि तापलेली अंगे त्या आता हाताळत होत्या.

बालकवी त्यांच्या घरी राहत होते, हे खरे आहे का?

खरे आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले ‘औदुंबर’वाले बालकवी. 1907 साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथे सोळा-सतरा वर्षांच्या या पोराने कविता म्हटली आणि ‘बालकवी’ ही पदवी मिळवली. टिळक त्या संमेलनाला होते. त्यांनी या मुलातला कवी ओळखला आणि पुढे तो नगरला टिळकांच्या घरी राहिला.

स्मृतिचित्रांतला ठोमरे पाठ्यपुस्तकातल्या बालकवींपेक्षा फार वेगळा आहे. हळवा, रुसणारा, हट्टी, मध्येच आनंदाने उसळणारा, मध्येच काळवंडणारा. लक्ष्मीबाईंनी त्याला आईपणाने सांभाळले, त्याचे रुसवे काढले, त्याच्याशी भांडल्या. घरात एक कवी असला की काय होते हे त्यांना पुरते ठाऊक होते. आता दोन झाले. धर्म या नात्याच्या आड आला नाही. ठोमरे हिंदूच राहिला आणि टिळकांच्या घरचा मुलगाही राहिला.

5 मे 1918 रोजी जळगावजवळ भादली स्टेशनापाशी रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते. बालकवींवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला लक्ष्मीबाईंच्या या पानांपाशी यावे लागते, कारण रोजच्या जगण्यातला बालकवी इतक्या जवळून दुसऱ्या कुणी दाखवलेला नाही.

‘देवाचा दरबार’ म्हणजे काय? त्यात लक्ष्मीबाईंचे स्थान काय होते?

टिळकांना मिशनच्या पगारावर आणि परदेशी चौकटीत राहणे दिवसेंदिवस जड जाऊ लागले. ख्रिस्त हिंदुस्थानाला हिंदी वेषातच भेटला पाहिजे, असे त्यांचे मत. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही कल्पना.

कल्पना भव्य होती. घर मात्र पुन्हा एकदा बिनपगारी झाले, आणि ते लक्ष्मीबाईंना सांभाळायचे होते. दरबार नीट उभा राहण्याआधीच, 9 मे 1919 रोजी, टिळक मुंबईत वारले.

टिळकांच्या मागे त्यांनी काय केले?

पन्नाशीच्या बाईपुढे पोट भरण्याचा प्रश्न होता. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात त्यांनी मेट्रनचे काम केले. पुढे दत्तू, म्हणजे देवदत्त टिळक, नोकरीनिमित्त कराचीला होते तेव्हा त्या कराचीत राहिल्या. तिथले मराठी घरदार, सिंधी शेजार, समुद्र, हे सगळे स्मृतिचित्रांच्या अखेरच्या भागात येते. नंतर कुटुंब नाशिकला आले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकलाच त्यांचा अंत झाला.

‘ख्रिस्तायन’ कुणाचे? टिळकांचे की लक्ष्मीबाईंचे?

सुरुवात टिळकांची. ख्रिस्ताचे चरित्र मराठीत ओवीबद्ध करायचे, हा त्यांचा मोठा संकल्प. पण दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले आणि मग मृत्यूने गाठले. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. म्हणजे ग्रंथाचा फार मोठा भाग त्यांचाच. तरी ओळख करून देताना लोक ‘टिळकांचे अपुरे राहिलेले काव्य पत्नीने पूर्ण केले’ असे म्हणतात. मला ही मांडणी खटकते. ग्रंथाच्या सहा-सात भागांतला एखादा भाग वगळता बाकी सगळे जिने रचले, तिला ‘पूर्ण करणारी’ म्हणायचे?

काव्य म्हणून दोघांत फरक आहे. टिळकांची ओवी संस्कृत वळणाची, नटलेली. लक्ष्मीबाईंची बोलती, घरगुती, जात्यावरच्या गाण्याला जवळची. पंडिती काव्याची आवड असणाऱ्याला टिळकांचे अध्याय भावतील. मला लक्ष्मीबाईंचे जवळचे वाटतात. त्यांच्या सुट्या कविता ‘भरली घागर’ या नावाने त्यांच्या मृत्यूनंतर संग्रहरूपाने आल्या.

फारसे शिक्षण नसताना त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिले कसे?

मुलाच्या आग्रहाने. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. आईने आठवणी लिहून द्याव्यात, एवढीच मागणी होती. आई लिहायला बसली आणि टिळकांच्या आठवणींतून तिची स्वतःची गोष्ट वर आली. आधी या आठवणी नियतकालिकातून क्रमशः आल्या, 1934 पासून पुस्तकाचे भाग निघू लागले. सगळे मिळून चार भाग. शेवटचा भाग निघेपर्यंत लक्ष्मीबाई राहिल्या नव्हत्या.

‘फारसे शिक्षण नसताना’ हा मुद्दा मात्र उलटा करून बघावा असे वाटते. शाळा नव्हती म्हणून पुस्तकी भाषेचा संस्कार झाला नाही. 1930 च्या आसपासचे मराठी गद्य बरेचसे अलंकारांनी जड झालेले होते. त्यात ही बाई ओसरीवर बसून सांगावे तसे लिहिते. वाक्ये आखूड, क्रियापदे ठसठशीत, म्हणी जागच्या जागी. संवाद असे की माणसाचा आवाज ऐकू यावा. चार ओळींत माणूस उभा करायचा आणि पुढे जायचे. विशेषणांवर वेळ घालवायचा नाही. कान तयार झालेले होते ते कीर्तन, ओव्या, कहाण्या आणि टिळकांच्या घरात रोज चाललेल्या काव्यचर्चेने. हे शिक्षणच होते, शाळेच्या दाखल्यावर न येणारे.

एवढ्या दुःखाची कथा, मग वाचताना हसू कसे येते?

कारण लिहिताना त्या स्वतः हसत होत्या. साठी ओलांडलेली बाई आपल्या अकरा वर्षांच्या रूपाकडे, आपल्या भित्रेपणाकडे, टिळकांच्या विसरभोळेपणाकडे, दोघांच्या भांडणांकडे मायेने पाहते. नानांचे सोवळे वाचताना अंगावर काटा येतो आणि त्याच पानावर हसूही फुटते. त्या काळी हे सोसणे हसण्यासारखे नव्हते, हे त्या विसरू देत नाहीत. पण कडवटपणा ठेवत नाहीत. सासऱ्यांवर, टिळकांवर, नशिबावर, कुणावरही दात धरलेला नाही. हे सहज साधत नाही. सूड घेण्याची एवढी सोय असलेले आत्मचरित्र हाती असताना त्यांनी तो घेतला नाही.

हे पुस्तक म्हणजे धर्मप्रचार आहे का?

मंगळसूत्र घातलेल्या आज्यांपासून कट्टर नास्तिकांपर्यंत ते वाचणारे लोक मी पाहिले आहेत. कुणाला प्रचार जाणवल्याचे ऐकले नाही. लक्ष्मीबाईंची श्रद्धा खोल आहे आणि त्यांनी ती लपवलेली नाही. त्याचबरोबर पंढरपूर, गोदाघाट, मंगळागौर, नातलगांचे प्रेम, यांच्याविषयी एक तुच्छतेचा शब्द नाही. धर्म बदलला तरी माहेर बदलत नाही, हे त्यांनी जगून दाखवले. मराठी ख्रिस्ती समाजाला आजही ‘तुम्ही आमचे की त्यांचे’ असे विचारले जाते. त्या समाजातल्या मुलामुलींना हे पुस्तक स्वतःच्या घराचा कागद वाटतो, तो याचमुळे.

उलट बाजूनेही सांगायला हवे. मिशनमधले हेवेदावे, गोऱ्या पाद्र्यांची चांगली-वाईट वागणूक, नवख्रिस्ती मंडळीत शिल्लक राहिलेली जात, हेही त्या लिहितात. प्रचारपुस्तकात या गोष्टी येत नसतात.

त्यांना स्त्रीवादी म्हणता येईल का?

म्हणणारे म्हणतात, आणि त्यांच्याकडे कारणे आहेत. मला त्या शब्दाची घाई नाही. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला सोडले नाही, त्याच्या आज्ञेतही राहिल्या नाहीत. त्याच्याशी भांडल्या, त्याच्यावर जीव टाकला, त्याच्या मागे त्याचे अर्धे काम पुरे केले आणि शेवटी त्याची गोष्ट सांगता सांगता स्वतःची सांगून गेल्या. हे जसेच्या तसे समजून घेतले तरी पुष्कळ आहे.

पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांची तुलना का होते?

दोघी ब्राह्मण घरांतल्या, दोघी ख्रिस्ती झाल्या, दोघी एकाच काळातल्या. साम्य इथेच संपते. रमाबाई संस्कृत पंडिता, 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या, शारदासदन आणि मुक्ती मिशन उभारणाऱ्या. लक्ष्मीबाईंनी संस्था काढली नाही. त्यांचे काम स्वयंपाकघरापासून माजघरापर्यंतच्या टापूत झाले. म्हणूनच जात रोजच्या जगण्यातून कशी सुटते, याचा तपशील त्यांच्याकडे अधिक आहे.

वाचायचे तर कोणती आवृत्ती घ्यावी? कुठून सुरुवात करावी?

संक्षिप्त आवृत्ती मिळते आणि शाळकरी मुलांना ती पुरते. पण मोठ्यांनी संपूर्णच घ्यावी. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेल्या आवृत्तीत टिपा आहेत, त्यामुळे माणसे आणि गावे यांचा गोंधळ होत नाही. घरातल्या मराठी न वाचणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी अनुवाद आहेत. 1950 चा जोसेफिन इंक्स्टर यांचा, आणि 2017 चा शांता गोखले यांचा. पहिल्यात काटछाट आहे, दुसरा संपूर्ण आणि आजच्या भाषेतला.

सुरुवात पहिल्या पानापासूनच करावी. धर्मांतराचा भाग आधी शोधून वाचणारे पुष्कळ असतात. त्यांना तो भाग कळतो, पण नाना, जलालपूर, सासऱ्यांचा धाक आणि टिळकांचे पळून जाणे हे आधी वाचलेले नसले, तर राहुरीच्या घरातल्या त्या वेगळ्या चुलीचे वजन लक्षात येत नाही. आणि शक्य असेल तर घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावे. चारही भागांतले गद्य ऐकण्यासाठीच बनलेले आहे. विशेषतः संवाद.